सात नंबर

सोमवारी क्लब बंद. सोमवार आपला.
सहाला फाटकाशी ये, अंबू,
दव अजून कुणी मोडलेलं नसतं.

काठी एकच आहे. सात नंबर.
मिलचे विव्हिंग मास्तर गाव सोडताना देऊन गेले.
मुठीचं रबर झिजलं, तिथं तुझ्या आत्यानं
चादरीची किनार गुंडाळून टाके घातलेत.
नऊच्या नऊ होल हिच्यावरच खेळायचे,
लांबचा फटका हिचा, भोकाजवळचाही हिचाच.

पहिला होल सरळ आहे. म्हणूनच फसतात लोक.
उजवीकडं कडुलिंबांची रांग, तिकडं बघू नकोस.
सायकल शिकताना बघून बघून खांबावरच गेलास की नाही?
तसंच.

दुसरा चिंचेपाशी डावीकडं वळतो.
मेंबर चिंचेवरून मारतात,
बॉल हरवला तर पिशवीतून नवा काढतात.
आपल्या खिशात दोन.
कोपऱ्यापर्यंत जा. थांब. मग वळ.

तिसऱ्याला तळं. एकशेतीस पावलं, सगळं पाण्यावरून.
पूर्वी मिलच्या चिमणीचा धूर बघितला की वारा कळायचा.
आता धूर नाही. घार बघ.
घार जागच्या जागी तरंगत असली तर वारा तोंडावर आहे,
बॉल उजव्या टाचेकडं ठेव, बुटका मार.
आणि एक सांगतो बे,
आपल्या नळाला पाचव्या दिवशी पाणी, या गवताला रोज,
हे मलाही दिसतं.
पण राग खांद्यात चढतो, खांदा आवळला
की बॉल बरोब्बर तळ्यात.
राग घरी जाऊन करायचा. मी करतो.

चौथा नि पाचवा नुसते लांब. चालायचं.
पाचव्याच्या बाकावर कडक भाकरी, शेंगाचटणी.
कागद खिशात.

सहावा मात्र नीट ऐक.
चढ आहे. ग्रीन दिसत नाही,
झेंड्याचं लाल टोक तेवढं दिसतं, तेही कधीमधी.
इथं डोळ्यांचं काम नाही.
मागावर बसलो तेव्हा धोट्याकडं कधी बघितलं मी?
खट् गेला. खट् आला.
काठी तिच्या वेळेनं मागं जाऊ दे,
तिच्या वेळेनं येऊ दे,
मधे तू घुसू नकोस.
नीट बसला की हाताला काहीच लागत नाही,
फक्त आवाज होतो.
साहेब विचारतात, "कुठं गेला, राजेशम?"
मी आवाजावरून सांगतो.
अठ्ठावीस वर्षांत दोनदा चुकलो.

सातव्याला वाळूचा खड्डा.
बॉलला मारायचंच नाही.
आत्या परातीतली भाकरी खालून हात घालून उचलते ना,
तशी त्याच्याखालची वाळू उचल.
मग दाताळं घे, आपली पावलं पुसून टाक.
मंगळवारी खड्डा असा दिसला पाहिजे
की इथं कुणी आलंच नव्हतं.

आठव्याचं मला विचारू नकोस.

नववा उतारावर, समोर क्लबाची बंद खिडकी,
काचेत आपणच येताना दिसतो.
एकदा मी इथं एकेचाळीसात पोचलो होतो,
याच काठीवर. कार्ड नाही.
साक्षीला शिवरुद्र माळी,
त्यानं पाइप खाली ठेवून कानडीत काहीतरी म्हटलं,
शिवी होती की शाबासकी, अजून विचारलं नाही.

ग्रीनवर गवत तळ्याकडं लवतं,
वाटतं त्यापेक्षा बोटभर वर धर,
काठीच्या धारेनं बॉलच्या कमरेला हळूच लाव.
पडला की घाई करू नकोस.
वाक, भोकात हात घाल,
बॉल लगेच काढू नकोस.

आत गार असतं, अंबू.
मे महिन्यातसुद्धा.